जुन्या मिस्त्रींचं काय घ्यावं, काय टाकावं

पोरी, मोटर मेकॅनिकची आयटीआयची दोन वर्षं झाली आणि आता पॉलिटेक्निकला ऑटोमोबाइलच्या थेट दुसऱ्या वर्षाला तुला जागा मिळाली, हे तुझ्या आईकडून कळलं. आता तिचा हट्ट असा, की दादानं भाचीला चार गोष्टी सांगाव्यात, कारण दादाचा जन्म डिझेलमध्ये गेला. सांगतो. पण आधीच बजावून ठेवतो. मी ज्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो, त्यांनी शिकवलेल्यातलं निम्मं आजही तसंच्या तसं चालतं. उरलेलं निम्मं आजच्या गाडीवर केलंस तर एकतर गाडी जाईल, नाहीतर हात. कुठलं कोणत्या निम्म्यात बसतं हे ओळखता यावं, एवढ्यासाठी तरी कॉलेज कर.

टाकून द्यायच्या गोष्टीपासून सुरू करतो, कारण ती तू गॅरेजात अजूनही बघशील. इंजिन मिसिंग मारत असेल तर आम्ही काय करायचो? इंजिन चालूच ठेवायचं, 17 चा पाना घ्यायचा आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट जरासा ढिला करायचा. डिझेल बाहेर उडायचं, तो सिलिंडर बंद पडायचा. ज्याचा नट ढिला केल्यावर इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. पाच मिनिटांत निदान. मायकोच्या जुन्या इनलाइन पंपाच्या इंजिनात नोझल साधारण 200 बारला उघडायचा. तेव्हाही ते फार शहाणपणाचं नव्हतं, पण निभावून जायचं.

आता कॉमन रेल घे. इंजिन नुसतं आयडलला गुरगुरत असतं तेव्हाच रेलमध्ये अडीचशे-तीनशे बार असतो. भाराखाली तो 1600 ते 2000 बारपर्यंत जातो, काही इंजिनांत त्याच्याही वर. कारच्या टायरात हवा असते दोन-सव्वादोन बार, म्हणजे कल्पना कर. एवढ्या दाबानं सुटलेली डिझेलची बारीक धार डोळ्याला नीट दिसतही नाही. ती हातमोज्यातून, कातडीतून आत जाते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण राहते, फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस हात पुसून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र डिझेल पेशी मारत पसरत असतं. काही तासांत हात सुजतो, ठणकायला लागतो आणि उशीर झाला तर बोट काढायची वेळ येते. म्हणून इंजिन चालू असताना त्या पाइपांना पाना लावायचा नाही. गळती शोधायला तळहात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरायचा. इंजिन बंद केल्यावर मॅन्युअलमध्ये जेवढी मिनिटं थांबायला सांगितलंय तेवढं थांबायचं. आणि कधी कुणाला अशी इजा झालीच, तर तडक हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, की हे टोचलेलं नाही, दाबाखालचं डिझेल आत गेलंय. बाहेरून बघून त्यांनाही ते पटकन कळत नाही.

मग मेलेला सिलिंडर शोधायचा कसा? स्कॅनर लावायचा आणि त्यातून एकेक इंजेक्टर बंद करून बघायचा. गंमत बघ, विचार आमच्या मिस्त्रींचाच आहे. एकेकाला गप्प करा आणि कोण आधीपासून गप्प होता ते ओळखा. फक्त हातातला पाना गेला. त्यापुढची पायरी बॅक लीकची. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक मापाची नळी जोडायची, इंजिन चालवायचं आणि कोणत्या नळीत डिझेल जास्त चढतं ते बघायचं. जास्त परत सोडणारा इंजेक्टर आतून झिजलाय. जुन्या लोकांना शिव्या घालणारी नवीन पोरं आणि नवीन यंत्राला नावं ठेवणारे जुने मिस्त्री, दोघांनाही ही गोष्ट दिसत नाही. तुला दिसू दे.

अशा आणखी तीन सवयी टाकून दे. वायरमध्ये करंट आहे का बघायला ती बॉडीला टेकवून ठिणगी पाडणं. अल्टरनेटर चार्ज करतोय का बघायला चालू इंजिनवर बॅटरीची तार काढणं. आणि बॅटरी न सोडवता चेसिसला वेल्डिंग मारणं. जुन्या गाडीत फार तर फ्यूज किंवा डायोड जायचा. आता प्रत्येक तारेच्या टोकाला कुठला ना कुठला इसीयू बसलेला असतो. बॅटरी मध्येच तोडली की अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो आणि तो धक्का सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सला बसतो. गिऱ्हाईक दोनशे रुपयांच्या कामाला आलेलं असतं आणि त्याला तीस हजाराचं बिल कुणी लावायचं यावरून भांडण होतं.

कापसाची चिंधी हीसुद्धा गेली, हे आमच्या पिढीला सर्वांत जड गेलं. इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनचीच असते आणि माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. कॉटन वेस्टचा एक धागा पुरतो. पाइप सोडवण्याआधी तो सगळा भाग धुऊन कोरडा कर, सोडवल्या सोडवल्या दोन्ही तोंडांना टोप्या लाव. हाय प्रेशरचे पाइप पुन्हा वापरायचे की नवीनच घालायचे, हे त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये बघ. बरेच ठिकाणी नवीनच घालायला सांगितलेले असतात, कारण एकदा आवळल्यावर त्यांचं टोक दबून बसतं. इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरं-आकड्यांचा कोड कोरलेला असेल तर बदलताना तो लिहून घे. तो इसीयूत भरला नाही, तर नवा कोरा इंजेक्टर घालूनही गाडी ठोके मारते आणि मालक म्हणतो की बाईनं डुप्लिकेट माल घातला.

आता ठेवायच्या गोष्टी. टॅपेट सेटिंग मला ज्यांनी शिकवलं त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण त्यांचा मंत्र एका दमात पाठ होतो. सहा सिलिंडरला बेरीज सात, चार सिलिंडरला बेरीज पाच. एक नंबरचं टॅपेट लावायचं असेल तर सहा नंबरचे दोन्ही वॉल्व्ह रॉकिंगला आण. दोनचं लावायला पाच, तीनचं लावायला चार. फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4 लिहून त्याखाली त्याच्या जोड्या लिही म्हणजे क्रमही लागतो. चार सिलिंडरच्या 1-3-4-2 मध्ये एकला चार आणि तीनला दोन. आजही चालतं.

पण तू कॉलेजात निघालीस, तेव्हा हे का चालतं हेही तुला सांगता आलं पाहिजे. जोडीतले दोन्ही पिस्टन एकदमच वर येतात आणि एकदमच खाली जातात. मात्र एक जेव्हा कॉम्प्रेशनच्या शेवटी वर असतो, तेव्हा दुसरा एक्झॉस्ट संपून इनलेट सुरू होण्याच्या सांध्यावर असतो. त्या सांध्यावर दोन्ही वॉल्व्ह जरा जरा उघडे, तेच रॉकिंग. मग पहिल्याचे दोन्ही पक्के मिटलेले, म्हणजे त्यांची फट बिनधास्त मोजता येते. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकं हेच विचारतात. गॅरेजात आयुष्य काढलेल्या पोरांना उत्तर येत नाही आणि वर्गात पहिल्या आलेल्यांना फिलर गेज किती अडकत सरकला पाहिजे ते कळत नाही. तुला दोन्ही यायला हवं. आणि फट थंड इंजिनवर मोजायची की गरम, हे आठवणीवर सोडू नकोस, मॅन्युअल उघड.

धूर बघणं ठेव. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाणी. मात्र बीएस-6 गाडीत डीपीएफ, म्हणजे काजळीचा फिल्टर, काळा धूर आतच अडवतो, त्यामुळे सायलेन्सर स्वच्छ दिसतो म्हणून इंजिन ठीक, असं धरून चालू नकोस.

आता माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट, आणि त्यासाठीच कॉलेजचा खरा उपयोग आहे. मापं. आमच्याकडे हेड उतरवल्यावर मिस्त्री लायनरच्या वरच्या कडेवर नख फिरवायचे आणि म्हणायचे, 'बोरला आलं.' नखाला पायरी लागते हे खरं. ती किती, हे नख सांगत नाही. नुसत्या रिंगा टाकून भागेल की लायनर-पिस्टन सगळंच बदलायचं, यात मालकाचे हजारो रुपये इकडचे तिकडे होतात आणि तो निर्णय नखावर सोडायचा? बोअर गेज घे, वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी, प्रत्येक जागी आडवं आणि उभं असं माप घे. वरच्या-खालच्यातला फरक म्हणजे टेपर, आडव्या-उभ्यातला फरक म्हणजे ओव्हॅलिटी. झीज सर्वांत जास्त वर सापडेल. तिथं पहिली रिंग उलट फिरते, दाब आणि उष्णता सर्वांत जास्त असते आणि ऑइलचा थर सर्वांत पातळ. मायक्रोमीटर हातात घेतला की आधी शून्य तपास. गरम पार्ट मोजू नकोस, फुगलेलं माप येतं. आणि आकडा डोक्यात ठेवू नकोस, तिथल्या तिथं वहीत लिही.

टॉर्क रेंचनं नट कधी सोडवायचा नाही. काम झाल्यावर क्लिकवाला रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेली राहते आणि माप खोटं होतं. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं. ज्या बोल्टांना टॉर्कनंतर अंशात फिरवायला सांगितलंय, ते ताणूनच बसवलेले असतात. ते पुन्हा वापरता येतात का, किती लांबीपर्यंत, हे मॅन्युअल सांगतं. 'मी हातानं ओळखतो' म्हणणारा भेटला तर मान डोलाव आणि रेंच आण.

इलेक्ट्रिकलला घाबरू नकोस. आमच्या पिढीनं तो विषय वायरमनवर टाकला आणि पुढे पोट भरण्याची पंचाईत झाली. गाडी सावकाश सेल्फ मारते, की लोक आधी बॅटरी बदलतात, मग सेल्फ. तू मीटर घे. विसावलेली 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर 12.6 च्या आसपास दाखवेल, 12.2 म्हणजे निम्मी. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर धरून कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. सॅंडपेपर लागला, बॅटरी वाचली.

स्कॅनर आणि मोबाइलवर शोधलेला कोड यावर विसंबणाऱ्यांचा एक किस्सा सांगतो. एक टिपर आमच्याकडे आला, कोड पी-0087, म्हणजे रेलमधला दाब कमी. आधीच्या गॅरेजनं कोड बघितला आणि हाय प्रेशर पंप बदलला. कोड पुन्हा आला. दाब कमी आहे एवढंच कोड म्हणत होता, पंप खराब आहे असं तो म्हणतच नव्हता. टाकीकडून येणाऱ्या सक्शन पाइपला क्लॅम्पखाली बारीक चीर होती आणि पंप हवा ओढत होता. पारदर्शक नळी जोडली, बुडबुडे दिसले. फिल्टर, सक्शन, लिफ्ट पंप, बॅक लीक, प्रेशर लिमिटिंग वॉल्व्ह, रेलचा सेन्सर आणि सर्वांत शेवटी महागडा पंप. स्वस्त आणि सोपं आधी तपासायचं.

इसीयू जिच्यावरून एकमेकांशी बोलतात त्या कॅन लाइनसाठी एक युक्ती तुझ्या सरांनी कदाचित सांगितली नसेल. बॅटरी सोडव आणि 16 पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोज. लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर असतात, ते समांतर, म्हणून साधारण 60 आले पाहिजेत. 120 आले तर एक टोक तुटलंय, शून्याच्या जवळ आले तर दोन तारा कुठंतरी चिकटल्यात. काही गाड्यांमध्ये सॉकेट आणि आतली लाइन यांच्यामध्ये गेटवे असतो, तिथं वायरिंग डायग्राम बघूनच मोज. सांगायचं एवढंच, की ओहमचा नियम पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतो आणि पैसे इथं मिळतात.

बीएस-6 बद्दल थोडक्यात. 1 एप्रिल 2020 पासून देशभर हे नियम लागू झाले. बीएस-5 गाळून थेट सहावर उडी मारली आणि डिझेलमधलं गंधक 50 पीपीएमवरून 10 वर आलं. त्यामुळे ट्रकला आता डीईएफची टाकी आहे. त्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी अगदी शुद्ध पाणी असतं. एक्झॉस्टच्या उष्णतेत त्याचा अमोनिया होतो आणि तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं नायट्रोजन आणि पाणी करतो. डीईएफमध्ये नळाचं पाणी घालणारे महाभाग भेटतील. पाण्यातले क्षार कॅटलिस्टमध्ये बसतात आणि लाखाच्या घरातला खर्च येतो. डीईएफचं नरसाळं वेगळं ठेव, डिझेलच्या नरसाळ्याला कधीच मिसळू देऊ नकोस. डीपीएफची काजळी जळताना आतलं तापमान 600 अंशांच्या आसपास जातं, म्हणून वाळलेल्या गवतावर गाडी उभी करून रिजनरेशन लावायचं नाही. राख मात्र जळत नाही, म्हणून कंपनीनं सांगितलेलं कमी राखेचंच ऑइल. 'पाच हजार दे, डीईएफ कायमचं बंद करून देतो' असं सांगणारी माणसं हायवेला प्रत्येक ट्रकथांब्यावर आहेत. त्यांच्यात तू जाऊ नकोस. ते बेकायदा तर आहेच, शिवाय तो धूर तुझ्याच गावात राहतो.

इलेक्ट्रिक गाडी समोर आली की नारिंगी केबल ओळख. त्या हाय व्होल्टेजच्या केबलला शिकल्याशिवाय आणि इन्सुलेटेड हातमोज्यांशिवाय हात नाही. सर्व्हिस प्लग काढल्यावरही थांबायचं आणि शून्य व्होल्ट मीटरवर बघायचे, मगच पाना.

अंगावरच्या गोष्टी सांगतो. केस बांधलेले, ओढणी नाही, बांगडी-अंगठी नाही. मुलगी म्हणून म्हणत नाही, पोरांच्या हातातली कडीही मी उतरवायला लावायचो. पाना बॅटरीच्या पॉझिटिव्हवर असताना कडं पान्याला आणि बॉडीला एकदम लागलं तर मनगट भाजतं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, घोडी लावलीच पाहिजे. टिपरची ट्रॉली वर उचललेली असेल तर टेका लावल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही. घाई आहे म्हणणाऱ्या मालकाला चहा प्यायला पाठव.

मुलगी म्हणून एकच गोष्ट सांगतो. प्रॅक्टिकलला एका इंजिनभोवती वीस जण असतात आणि कुणीतरी म्हणेल, 'तुझं अक्षर चांगलं आहे, जर्नल तू लिही, पाना आम्ही धरतो.' जर्नल सगळ्यांनी आपापलं लिहायचं. तू पुढे उभी राहा आणि तुझ्या पाळीला इंजिन तू खोल. सर हसले तरी चालेल. ज्याच्या हाताला ग्रीस लागत नाही, त्याच्या डोक्यात थर्मोडायनॅमिक्स टिकत नाही, असं मी तरी बघितलंय.

थिअरी मात्र कंटाळवाणी म्हणून टाळू नकोस. रुडॉल्फ डिझेलनं 1897 साली ऑग्सबर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्यानं इंधनातल्या उष्णतेचा साधारण सव्वीस टक्के भाग कामाला लावला होता. वाफेची इंजिनं तेव्हा त्याच्या जवळपासही नव्हती. आज मोठ्या ट्रकची इंजिनं चाळिसाच्या पुढे आहेत. ती सगळी चढाई टर्बो, जास्त दाब आणि नेमकी वेळ यांतून झाली. हे समजलं की टर्बोच्या होजला भोक पडल्यावर गाडी काळा धूर का मारते आणि चढाला का बसते, हे पाठ करावं लागत नाही. इंग्रजी मॅन्युअल रोज दोन पानं वाच. शब्द अडतील, चित्रं अडत नाहीत.

पदविकेनंतर गॅरेजच काढावं असं काही नाही. पुण्यात 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था गाड्यांची आणि इंजिनांची तपासणी करते. चाकण-पिंपरीकडे टेस्टिंग, कॅलिब्रेशन, वॉरंटी, सर्व्हिस ट्रेनिंग अशी कामं आहेत आणि तिथं हातानं काम केलेल्या पदविकाधारकाला किंमत आहे. माझ्याकडून घ्यायचंच असेल तर पाना सेट घेऊन जा. पण मल्टिमीटर, फिलर गेज आणि 0 ते 25 चा मायक्रोमीटर तू स्वतः विकत घे आणि कुणाला उसना देऊ नकोस.

शेवटच्या वर्षी ट्रेनिंगची जागा निवडायची वेळ येईल. तेव्हा स्टायपेंड दोन हजारानं जास्त कुठं, हे बघू नकोस. तिथल्या फोरमनला एवढंच विचार, 'साहेब, इंजिन उघडण्याआधी तुम्ही कोणकोणती मापं घेता?' त्यांनी वही काढून दाखवली तर तिथंच सही कर. 'अनुभवानं कळतं' असं उत्तर आलं, तर नमस्कार कर आणि दुसरी जागा बघ.